आपला माल आधी कुठं जायचा, आता कुठं जातोय? अमेरिकेची ऑर्डर थांबल्यावर पडलेला प्रश्न

मोल्डशॉप_उद्यमबाग:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे पण पूर्ण वाचून मग उत्तर द्या ही विनंती. आमची बेळगावात उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे, आजोबांनी क्युपोलावर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर चालू केलेली, आता विजेची इंडक्शन फर्नेस आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडी ओततो. एक्सपोर्ट आमच्या नावावर नाही, आम्ही कास्टिंग देतो आणि मशिनिंगवाला पुढचं काम करून अमेरिकेला पाठवतो. २७ ऑगस्ट २०२५ ला, नेमकं गणेश चतुर्थीदिवशीच, अमेरिकेचा आपल्या मालावरचा टॅरिफ ५० टक्के झाला आणि विसर्जन व्हायच्या आत त्याचा फोन आला की पुढचे दोन लॉट होल्डवर ठेव. आता दिवाळी होऊन गेली, लॉट तसेच आहेत.

काल मी स्वतः मोजले, ३१० बॉडी, फेटलिंग म्हणजे कडा घासून साफसफाई झालेल्या, प्रायमर मारलेल्या. दुसऱ्या कुणाला द्याव्या म्हटलं तर प्रत्येक बॉडीवर तिकडच्या कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर उठावात ओतलेला आहे, ग्राइंडर लावून घासलं तर दिसायचं ते दिसतंच. परत भट्टीत टाकायच्या म्हणजे पहिली वीज वाया, वर वितळवायची वीज परत भरायची.

पप्पा म्हणतात, बाजार बदलतच असतोय, रशिया मोडला तवाबी लोक असंच बोलायलेले, वर्ष दोन वर्षांत सगळं जाग्यावर आलं. ते धीर द्यायला म्हणतात हे कळतंय, पण मला खरं काय झालेलं ते समजून घ्यायचंय. आपल्या देशाचा माल आधी कुठं जायचा, तो बाजार कसा गेला, नवीन कसा आला, किती वर्षं लागली? आणि आत्ता आमच्यासारख्यानं अमेरिका सोडून दुसरीकडं बघायचं म्हटलं तर ते किती दिवसांचं काम? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

हिशेबवही_टिळकवाडी:

बाळा, तुझ्या पप्पांचं खरं आहे, पण ते देशाच्या आकड्यांपुरतं खरं आहे. मी बँकेत फॉरेक्सला होतो, आता रिटायर. माझ्या टेबलावरून जी एलसी, म्हणजे पैशाची हमी देणारं बँकेचं पत्र, जायची त्यावरचे देशच बदलत गेलेले मी बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वातंत्र्यानंतर १९५०-५१ ला आपली पूर्ण निर्यात होती ६०६ कोटी रुपये, आणि त्यात निम्म्याच्या आसपास ताग, चहा आणि कापड या तीनच गोष्टी. गिऱ्हाईक नंबर एक इंग्लंड. १९३२ च्या ओटावा करारापासून साम्राज्यातल्या मालाला तिथं जकातीत सवलत होती, जहाजं त्यांची, विमा त्यांचा, बँकाही त्यांच्याच, त्यामुळं माल आपोआप तिकडंच वळायचा. १९६०-६१ ला शंभर रुपयांच्या निर्यातीतले जवळजवळ २७ रुपये इंग्लंडला जात होते. दहा वर्षांनी ११ आणि १९८०-८१ ला ६ पण नाही. मधे १९७३ ला इंग्लंड युरोपच्या बाजारात शिरलं आणि राहिलेली सवलतही हळूहळू संपली. पण हे वीस वर्षांत झालं, एका रात्रीत नाही, म्हणून कुणी त्याची आठवण काढत नाही.

त्याच काळात रशिया वर आला. १९६०-६१ ला साडेचार टक्के, १९७०-७१ ला पावणेचौदा, १९८०-८१ ला अठरा. हे कसं झालं ते समजून घे, कारण तुझ्या पप्पांचा रशिया तोच. डॉलरची आपल्याकडं चणचण होती आणि सोव्हिएत युनियनला पण होती, म्हणून सगळा व्यवहार रुपयात धरला. त्यांनी आपल्याला मशिनरी, तेल, शस्त्रं द्यायची, त्याचे रुपये त्यांच्या भारतातल्या खात्यात जमा, आणि त्याच रुपयांतून त्यांनी आपला चहा, होजिअरी, कातडी माल, औषधं, काजू उचलायचं. कोणता माल किती घ्यायचा ते दोन्ही सरकारं दरवर्षी कागदावर ठरवायची. पैसे बुडायची भीती नाही, भाव बरा, आणि क्वालिटीबद्दल कटकट कमी. काही काही कारखाने पूर्णपणे त्या एकाच गिऱ्हाइकासाठी उभे राहिलेले.

डिसेंबर १९९१ ला तो देशच राहिला नाही. १९९०-९१ ला आपल्या निर्यातीत १६ टक्के वाटा असलेलं गिऱ्हाईक दोन वर्षांत ३ टक्क्यांच्या आसपास आलं. आता देशाचा हिशेब बघ: १९९०-९१ ला १८.१ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी १७.९, मग १८.५, मग १९९३-९४ ला २२.२. म्हणजे एवढा मोठा धक्का बसून एकूण आकडा एकाच वर्षी आणि तोपण दीड टक्काच घसरला. जुलै १९९१ ला रुपयाची किंमत उतरवली होती त्याचा हात लागला, अमेरिका, गल्फ, हाँगकाँग, सिंगापूर इकडं माल गेला. तुझे पप्पा म्हणतात ती दोन वर्षं ती ही.

पण रशियाला लोकरी स्वेटर पाठवणारा माणूस दोन वर्षांनी अमेरिकेला स्वेटर पाठवत होता असं नाही. त्याचं युनिट बंद पडलं आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्याच माणसानं दुसराच माल अमेरिकेला पाठवायला चालू केला. आकड्यांच्या टेबलमधे दोन्ही एकाच ओळीत बेरीज होऊन येतात. म्हणून म्हटलं, पप्पांचं खरं आहे पण ते देशापुरतं.

लोंडाकर:

काकांनी भारी लिहिलंय. मी आमच्या भागातलं सांगतो. बेळगावात वेंगुर्ला रोड, रामघाट रोड ही नावं रोज घेतो आपण, पण ती का पडली ते कुणी विचारत नाही. हे एक्सपोर्टचेच रस्ते होते. रेल्वे यायच्या आधी बेळगावकडचा माल रामघाट नाहीतर आंबोली उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा आणि तिथून गलबतानं मुंबई. धारवाडकडचा कापूस कुमठ्याला उतरायचा, लिव्हरपूलच्या बाजारात त्या कापसाचं नावच कुमठा पडलेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा इकडच्या कापसाला कधी नव्हता तसा भाव आला, आणि लढाई थांबली तसा भाव कोसळला आणि मुंबईत कितीतरी बँका, कंपन्या बुडाल्या. मग १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉक, लोंडा करत रेल्वे वर आली आणि वेंगुर्ला, कुमठा दोन्ही मागं पडली. बाजार तोच राहिला पण वाट बदलली तरी गावं बसतात हे आपल्या पश्चिम भागानं बघितलंय.

दुसरं माझ्या डोळ्यासमोरचं. लहानपणी लोंडा स्टेशनावर होस्पेटकडून येणाऱ्या लोखंडी खनिजाच्या गाड्या मोजायचो, डबे लाल, रूळ लाल, प्लॅटफॉर्मच्या कडेची झाडं लाल, पावसात लाल पाणी वाहायचं. घाटात मागनं वेगळी इंजिनं लावायला लागायची. १९७०-७१ ला जपान आपल्या निर्यातीत तेरा टक्क्यांवर होता त्यात खनिजाचा वाटा मोठा, गोव्याचं खनिज जपानलाच जायचं. पुढं २००० नंतर चीननं उचललं, २००९-१० ला देशातून ११ कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं आणि ते जवळपास सगळं चीनला. २०११ ला सुप्रीम कोर्टानं बेल्लारीतलं खाणकाम थांबवलं, २०१२ ला गोव्यातलं. आमच्याकडं ज्यांचं पोट त्या गाड्यांवर होतं, म्हणजे लोडिंगवाले, चहावाले, ट्रकवाले, त्यांना चीन कुठं आहे ते पण माहीत नव्हतं, त्यांना एवढंच कळलं की गाडी आली नाही.

मोल्डशॉप भावा, मला एक मनापासून वाटतंय ते सांगतो. दगड बाहेर पाठवणं आणि तू करतोस ते काम यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्याकडं मोल्डिंग जाणणारी माणसं आहेत. ती माणसं सोडू नको, बाकी काय पण कर.

काजूगर_उचगाव:

आमचं काजूचं छोटं प्रोसेसिंग आहे, घरच्या बागा पण आहेत. चंदगड, खानापूर, आपला पश्चिम भाग इकडं काजू किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

काजूगरात एकेकाळी जगात आपला देश एक नंबर होता. मुख्य गिऱ्हाईक अमेरिका आणि रशिया. व्हिएतनामनं २००६ ला आपल्याला मागं टाकलं. त्यांनी काय केलं, कापणी, सोलणी सगळी मशिनवर नेली, आणि आपल्याकडं बाया बसून एकेक बी कटरवर फोडायच्या आणि हातानं साल काढायच्या. आमच्याकडं अजून सालीचं काम बरंचसं हातानंच होतंय, बियांच्या तेलानं बोटं काळी पडतात, राख लावून बसायचं. हातानं अख्खा गर जास्त निघतो, तुकडा कमी, पण मजुरी धरली की व्हिएतनामच्या भावात तो बसत नाही.

पण एक्सपोर्ट गेलं म्हणून काजूवाले बुडाले का, तर नाही. घरचा बाजारच एवढा वाढला की आता देशात होणारा सगळा काजू देशातच खपतो आणि वर आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया इकडून कच्ची बी आणायला लागते. आमची डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर बसतात ती ग्रेड, ती पौंडावर अजून मोजतो, पण माल जातो बेळगाव, गोवा, पुणे, हुबळी मिठाईवाल्यांकडं. दिवाळीच्या आधी दोन महिने तर बाहेरच्या चौकशीला उत्तर द्यायला पण वेळ नसतो.

म्हणून विचारतो, पंप-व्हॉल्व्हला देशात गिऱ्हाईक नाही का? नळ योजना, सांडपाणी, शेतीचे पंप एवढं काम चाललंय की सगळीकडं.

एक्सपोर्ट_डॉक्युमेंट:

वरचं सगळं वाचलं, खूप चांगलं आहे, पण मोल्डशॉपदादांनी शेवटी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितेय. मी एका इंजिनिअरिंग युनिटमधे एक्सपोर्टची कागदपत्रं बघते, शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, लाकडी पॅलेटवर हीट ट्रीटमेंटचा शिक्का आहे का ते बघणं इथपर्यंत.

"अमेरिका बंद तर युरोपला पाठवा" हे टीव्हीवर बोलणं सोपं आहे. काजू कुणीपण खातो, पण व्हॉल्व्हची बॉडी तशी नाही. तुमच्या बॉडीचं फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टनं जोडायची कड, अमेरिकन ड्रिलिंगचं असणार, युरोपला पीएन १६, म्हणजे १६ बार दाबाचं तिकडचं माप लागतं, भोकांची संख्या, अंतर, जाडी सगळं वेगळं. म्हणजे पॅटर्न, ज्यावरून साचा करतात तो नमुना, बदलायचा. मटेरियल पण तिकडं युरोपियन ग्रेडच्या नावानं टेस्ट सर्टिफिकेट मागतात, अमेरिकन ग्रेडचा रिपोर्ट दाखवून चालत नाही. मग सॅम्पल, डायमेन्शन रिपोर्ट, त्यांचं ऑडिट, ट्रायल लॉट. नवीन गिऱ्हाईक पहिल्या ईमेलपासून रेग्युलर ऑर्डरवर यायला आमच्याकडं तरी वर्षाच्या आत कधी झालेलं मी बघितलं नाही. शिवाय २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागल्यापासून युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, दहा-बारा दिवस जास्तीचे धरायचे आणि तेवढे दिवस पैसे अडकणार ते वेगळंच.

गल्फचं म्हणाल तर दुबईला १ मे २०२२ पासून आपला करार लागू आहे, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन नीट असलं की बऱ्याच मालाला जकात शून्य. पाण्याच्या लाइनला तिकडं पण पीएन १६ च मागतात, पण फायर लाइनच्या कामात अमेरिकन स्टँडर्डचा माल चालतो. फक्त त्याला यूएलचं, म्हणजे माल तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं लिस्टिंग लागतं, ते तुमच्या मशिनिंगवाल्याकडं आहे का ते आधी विचारा. असेल तर तुमचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच. इंग्लंडशी जुलै २०२५ मधे करारावर सही झालीय, पण तो लागू झालाय का ते बघितल्याशिवाय त्यावर हिशेब मांडू नका.

आणि देशांचे आकडे बघून ठरवू नका हेपण सांगते. २०२४-२५ ला आपली मालाची निर्यात ४३७ अब्ज डॉलर होती, त्यात अमेरिका साडेशहाऐंशी, दुबईवाले म्हणजे संयुक्त अरब अमिराती साडेछत्तीस, आणि तिसरा नेदरलँड्स जवळजवळ तेवीस. कुणाला वाटेल चला नेदरलँड्सला गिऱ्हाईक शोधूया, पण तिथं जाणाऱ्यात मोठा भाग पेट्रोल-डिझेलचा आहे, रॉटरडॅमला उतरतं आणि तिथून युरोपभर जातं. दुबईचं पण तसंच, बराच माल तिथून पुढं आफ्रिकेत, इराकमधे जातो. आपल्या एच एस कोडवर, म्हणजे जकातीसाठी मालाला दिलेल्या नंबरवर, कोण घेतंय तेवढंच बघायचं.

काजूवाल्या दादांचा देशातल्या बाजाराचा मुद्दा बरोबर आहे, पण तिथं पैसे किती दिवसांनी येतात ते मोल्डशॉपदादांनाच माहीत असेल.

हिशेबवही_टिळकवाडी:

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. अमेरिकाच कायम एक नंबर होती असंही नाही, २००८-०९ च्या मंदीत अमिरातीनं तिला मागं टाकलेलं आणि चार-पाच वर्षं तेच वर होते, मग परत अमेरिका आली. गेलेलं गिऱ्हाईक परत येऊ शकतं, म्हणून त्याच्याशी बोलणं तोडायचं नाही.

भाजी_यार्ड:

मला फाउंड्रीतलं काही कळत नाही, पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितोय. आमच्या घरचा धंदा भाजीचा, तीन पिढ्या. आज बेळगावची भाजी रोज पहाटे गोव्याला जातीय त्याला कुणी एक्सपोर्ट म्हणत नाही, पण १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांचा होता म्हणजे आमचे आजोबा कायद्यानं परदेशात भाजी पाठवत होते. १९५५ ला आपल्या सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि एका दिवसात वाट बंद. गोव्यात बटाटा हॉलंडहून जहाजानं यायला लागला आणि इकडं आमच्या आजोबांचा कोबी सडायला लागला. आजोबा सांगायचे की त्यांना राग कुणाचाच आला नाही, गोवा सुटावा असं त्यांना पण वाटायचं, पण घरात सहा पोरं होती. सहा वर्षं त्यांनी हुबळीला आणि कोल्हापूरला माल टाकला, भाव कमी मिळायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते परत म्हापशाच्या बाजारात होते, तेच जुने व्यापारी, त्यातल्या एकानं १९५५ ची बाकी वहीतून काढून दिली. ती रक्कम आजोबांनी आम्हाला कधी सांगितली नाही, पण तो किस्सा ते जेवताना कितीतरी वेळा सांगायचे.

मोल्डशॉप_उद्यमबाग:

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेबवही काका, तुमची पोस्ट पप्पांना वाचून दाखवली, ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की १९९२ ला आपल्या गल्लीत दोन शेड रिकाम्या झालेल्या ते मी विसरलोच होतो. म्हणजे ते पण त्यांना आठवत होतं.

ताई, तुम्ही म्हटल्याप्रमाणं मशिनिंगवाल्याला विचारलं. यूएल लिस्टिंग त्याच्याकडं नाही, पण ज्याच्यासाठी तो माल करतो त्या पार्टीकडं आहे आणि त्यांचं दुबईत पण ऑफिस आहे हे त्यालाच नंतर आठवलं. तो आज त्यांना मेल टाकणार आहे. पॅटर्नमधली नावाची प्लेट स्क्रूवर आहे, काढून दुसरी लावता येतीय, पण पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचा, त्यामुळं लेखी परवानगी लागणार.

काजूवाले दादा, देशातल्या कामाची चौकशी केली, एक पंपवाला इंटरेस्टेड आहे पण १२० दिवस क्रेडिट मागतोय. पिग आयर्न आणि स्क्रॅपला आम्हाला रोख मोजायला लागतंय, १२० दिवस आम्हाला झेपणार नाहीत, ९० वर येतो का बघायलोय. लोंडाकर, मोल्डिंगची चारही माणसं आहेत, आठवड्यात चार दिवस मेल्ट घेतोय, बाकी दोन दिवस त्यांना पॅटर्न दुरुस्ती आणि शेडच्या कामावर ठेवलंय, पगार पूर्ण देतोय.

एक्सपोर्ट_डॉक्युमेंट:

मेलमधे पार्ट नंबर, वजन, मटेरियल ग्रेड आणि ३१० नग तयार आहेत हे सगळं पहिल्या मेलमधेच घाला, फोटोसहित, फ्लँजचा फोटो सरळ समोरून, शेजारी स्केल ठेवून. आणि दुबईवाल्यानं हो म्हटलं तर प्रायमरवर दुसरा कोट मारायच्या आधी मला इथं विचारा, तिकडं रंगाचा शेड वेगळा मागतात.